एका रोल नंबरवर दोन परब

संपादकांचा फोन आला. "मॅडम, इलेक्ट्रॉनिक्सला आता स्कोप आहे का, यावर लिहा. मुलांना आणि पालकांना उपयोग होईल." मला हसू आलं. हा प्रश्न ऐकतच मी नोकरीला लागले आणि हाच प्रश्न ऐकत निवृत्त झाले. परळच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनच्या डिप्लोमाला मी शिकवत होते. सुरुवातीला सगळ्या विभागात बाई अशी मी एकटीच. प्रवेशाच्या दिवसांत पालक येत, माझ्याकडे पाहत आणि मलाच विचारत, "सर कुठे बसतात?" मी म्हणायची, "सर तुमच्या समोर बसल्यात, बोला."

ज्यांना विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवा लावणं, पंखा फिरवणं, गिरणीतला साचा, म्हणजे माग, चालवणं ही विजेची हमाली झाली. तीच वीज चिमूटभर घेऊन तिच्याकडून निरोप्याचं काम करून घेतलं, की आमचा विषय सुरू होतो. तो निरोप इथून तिथे जसाच्या तसा पोचवायचा, त्याला कम्युनिकेशन म्हणायचं. यातलं 'जसाच्या तसा' हे सगळ्यात अवघड, आणि आमची सगळी गणितं त्याच्यासाठी. मी लागले तेव्हा मुलं टेलिफोनमध्ये, टीव्हीच्या कारखान्यांत, विमानतळावर, गोदीत जात. मग कॉम्प्युटर आला, पेजर आला आणि चुटकीसरशी गेलाही, मग मोबाइल आला. दर थोड्या वर्षांनी माझं शिकवलेलं निम्मं शिळं व्हायचं आणि मला नव्याने अभ्यासाला बसावं लागायचं. तेव्हा ज्याला जन्मभर शिकत राहण्याचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला येऊ नये. ज्याला तो नाही, त्याला काम मिळतं. माझ्या हातून गेलेल्यांत मी तरी हेच पाहिलं.

झालं, स्कोपचं उत्तर संपलं. संपादकांनी पानं मात्र सढळ हाताने दिली आहेत, तेव्हा उरलेल्या पानांवर माणसांबद्दल लिहिते.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी प्रवेशाला आलेल्या एका साचेवाल्याने मला विचारलं, "बाई, ज्येचो कधी संप होना नाय, असा शिक्षान खयचा?" मी पडले इंजिनिअर. मग मीच त्यांना पाणी दिलं. त्याच सुमाराला वरळी कोळीवाड्यातून एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्कोप वगैरे काही विचारलं नाही. "समुद्रात गेलेल्या माणसाशी किनाऱ्यावरून बोलायचं मशीन तुम्ही शिकवता का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. "मग घाला पोरीला," म्हणाल्या आणि उठल्या. आमच्या विषयाला प्रवेश घेण्याचं याहून चांगलं कारण मला पुढे कोणी सांगितलं नाही. आणि दादरचे एक गृहस्थ होते, मुलगा घरात कुणाशी बोलत नाही म्हणून त्याला कम्युनिकेशनला घालायला निघाले होते!

पण मला खरा धक्का दिला तो परबांच्या घराने. एकदा नाही, वारंवार. इतकी वर्षं मी हे कुठे बोलले नव्हते. वडील आता नाहीत, आणि धाकटा मुलगा म्हणाला, "लिहा मॅडम, आता काय." नावं बदलून लिहिते आहे.

दिलीप परब डिलाईल रोडच्या चाळीतला. वडील गंगाराम परब गिरणीत साच्यावर होते, मूळचे मालवणकडचे. दिलीपला आमच्याकडे जागा मिळाली आणि वर्ष सरायच्या आत संप लागला. मुलगा गुणी, पण मला कोड्यात टाकणारा. काय करायचा ते सांगण्याआधी रेझिस्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. विजेला अडवून धरणारा वेलदोड्याएवढा तुकडा असतो. अंगावर आकडा छापायला जागा नाही म्हणून त्याला रंगीत पट्टे असतात. तपकिरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन, हिरवा म्हणजे पाच, असे ठरलेले. तिसरा पट्टा कुठला आहे यावर शंभर की दहा लाख एवढा फरक पडतो.

तर हा दिलीप एका प्रॅक्टिकलला ढिगातले रेझिस्टर नुसते पाहून फटाफट आकडे सांगायचा. पुढच्या प्रॅक्टिकलला दहा लाखांच्या जागी शंभरचा लावून धूर काढायचा. मी संतापायची. "लक्ष कुठे असतं रे तुझं?" तो मान खाली घालायचा. त्यानंतर पुन्हा अव्वल. त्यानंतर पुन्हा धूर. मला वाटलं, घरी संप, पोर उपाशी येत असेल, म्हणून होत असेल.

एकदा धूर निघाल्यावर मी जळका तुकडा बाजूला ठेवला आणि तसाच नवा त्याच्या हातावर ठेवला. "हा तिसरा पट्टा कुठल्या रंगाचा?" तो पट्ट्याकडे बघेना, माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "हिरवा?" म्हणाला. माझ्या कपाळावर आठी दिसली तसं म्हणाला, "नाही नाही, तपकिरी." माझ्या लक्षात आलं. त्याला लाल, हिरवा, तपकिरी हे वेगळे दिसतच नव्हते. मला फार वाईट वाटलं. एवढा हुशार मुलगा आणि आमच्या धंद्यात पावलोपावली रंग.

घरी गिरगावात आले, चहा ठेवला आणि गॅससमोर उभ्या उभ्याच हबकले. डोळ्यांचा हा दोष जन्माचा असतो. तो एका प्रॅक्टिकलला येतो आणि पुढच्या प्रॅक्टिकलला जातो, असं होत नाही. मग फटाफट आकडे सांगतो तो कोण?

पुढच्या वेळी तो आला. मी त्याच्यासमोर मूठभर रेझिस्टर ओतले. मी चष्मा पुसेपर्यंत त्याने लावून दिले, एकही चूक नाही. मी दार लोटलं आणि विचारलं, "तू कोण?"

"नरेश, मॅडम."

इतकं सहज, की मीच खुर्चीत बसले. "आणि दिलीप?"

"दादा गेलाय रे रोडला, लाकडाच्या वखारीत. आज त्याची पाळी. उद्या मी वखारीत, तो इथे."

"आणि इथे तू कोण म्हणून बसतोस?"

"बदली," तो म्हणाला. आणि मला हे कसं माहीत नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

दोघे पाठोपाठचे भाऊ, तोच चेहरा, तीच शरीरयष्टी, आणि घालायचा शर्टही तोच एक. वर्षभर माझ्या नाकासमोर एका रोल नंबरवर दोन परब हजेरी देत होते आणि मला पत्ता नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गंगाराम परबांना बोलावून घेतलं.

ते आले ते परीटघडीचा पांढरा सदरा घालून. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच हात जोडले. मला वाटलं, लाजले. छे! "बाई, चुकला माझा. जॉबराक सांगल्याशिवाय बदली लावूची नाय, ह्या माका कळाक होया होता. तुमका आधी येवन सांगूक होया होता."

माणसाला चूक फक्त एवढीच दिसत होती, की मला आगाऊ कळवलं नाही. गिरणीत कायमचा कामगार आला नाही की जॉबर, म्हणजे मुकादम, त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा करतो, साचा रिकामा राहत नाही. परबांनी कॉलेजची जागा तशीच धरली होती. "भातलावणेक मी गावाक गेलंय काय माझ्या साच्यार माझो भाव उभो रवायचो. कोणाचा काय बिघाडला? साचो चलत रवलो म्हंजे झाला. हय पन वर्ग बुडलो नाय, अभ्यास बुडलो नाय. दोघांकाय येता."

"परब, सर्टिफिकेट एकाच्या नावावर मिळतं."

"मगे घरातच रवतला ना ता?"

या माणसाशी भांडायचं तरी कसं? वरपर्यंत नेलं असतं तर दोन्ही मुलं कायमची बाहेर. मी एवढंच केलं, की यापुढे दिलीपने स्वतः यायचं आणि नरेशने पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. नरेशला त्याच्या नावाने घेता येईना, कारण तो दहावीला इंग्रजीत नापास झाला होता. ज्याला डोळे होते त्याला मार्क नव्हते आणि ज्याला मार्क होते त्याला रंग नव्हते. याची हळहळ मला अजून आहे. तो दाराशी जाऊन मागे वळला आणि ऑसिलोस्कोपकडे, म्हणजे ज्याच्या पडद्यावर विजेची लाट दिसते त्या यंत्राकडे, एकदा बघून गेला.

दिलीपने मात्र जिद्द धरली. रंग बघायचे नाहीत, प्रत्येक तुकडा मीटर लावून मोजायचा, असं मी त्याला शिकवलं. हे काम वेळ खातं, पण टेबलावर बसून होतं. घरी नरेश त्याला घेऊन बसायचा. "हा तुला कसा दिसतो? आणि हा?" करत दोघांची उजळणी चालायची, असं दिलीपच सांगायचा. त्याने डिप्लोमा स्वतःच्या अकलेवर मिळवला, हे मी छातीठोकपणे सांगते.

तोवर संपाचं काही खरं राहिलं नव्हतं. कुणी मागे घेतला नाही आणि गिरणीचा भोंगाही काही वाजला नाही. माणसं गावी गेली, कुणी भाजी विकायला बसली. परबांच्या घरात दिलीपच्या नोकरीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

आणि एक दिवस गंगाराम परब स्टाफरूममध्ये शिरले ते पेढे घेऊनच. "बाई, दिलीपाक कॉल इलो! सरकारी! कायमची!" रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात तंत्रज्ञ म्हणून निवड झाली होती, फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती. मी पेढा तोंडात घातला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"परब, तिथे डोळे तपासतात. रंगांचे."

"तपासूंदे. नरेश जातलो."

माणूस हे अगदी हवापाण्यावर बोलावं तसं बोलत होता. "डोळे त्येचे, नोकरी ह्येची. मगे काय?"

"अहो, ही काय गिरणी आहे? सिग्नलच्या तारा असतात, तिथे लाल-हिरव्याचाच सगळा खेळ! चुकीची तार जोडली तर गाड्या एकमेकींवर जातील. माणसं मरतील!"

"मीटर लावन बघतलो तो. तुमीच शिकवलात ना?"

"टेबलावर शिकवलं मी! खांबावर चढून, खाली गाडी खोळंबलेली असताना नाही!"

परबांनी पेढ्यांचा पुडा बंद केला. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मिल आता उघाडना नाय. ह्या माका कळता, घरात बोलान दाखवत नाय इतक्याच. ह्या एक दार उघाडला हा. ता तुमी बंद करू नकात."

मला राहवेना. तपासणीच्या आदल्या दिवशी मी डिलाईल रोडला त्यांच्या घरी गेले. दारात चपला काढल्या तर समोर नरेश तांब्यात निखारे घालून दिलीपचा शर्ट कडक करत होता. तोच शर्ट दुसऱ्या दिवशी तो स्वतः घालून जाणार होता. त्यांच्या आईने कोरा चहा पुढे ठेवला. मी परबांना सगळं पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. गॅलरीत बायका जमल्या. दिलीप एवढंच म्हणाला, "मॅडम, मी जपून काम करीन." त्याच्या तोंडाकडे बघवेना. नरेश मान वर न करता कॉलर घासत राहिला.

"परब, तुम्ही ऐकणार नसाल तर मी वर कळवीन!" मी म्हटलं, सगळ्यांसमोर.

"कळवा," ते म्हणाले. "एका गरिबाच्या झिलाचा वाटोळा करा आनि कळवा."

मी तणतणत जिना उतरले. कळवलं असतं तर दोन्ही मुलं तुरुंगात गेली असती. न कळवावं तर पुढे कुणाच्या तरी गाडीचा प्रश्न. मी घरी येऊन बसले आणि मला काहीही करता आलं नाही. मी कुणालाही कळवलं नाही.

तपासणी झाली आणि दिलीप परब नापास झाला. रंग ओळखता येत नाहीत, असा शेरा.

मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच आठवलं. तपासणीला बसला होता तो नरेश. ढिगातले रेझिस्टर डोळ्यांनी वेचणारा नरेश रंगांत नापास?

गंगाराम परब दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या फाटकाशी उभे होते. माझ्या अंगावर धावून आले नाहीत, तसे आले असते तर बरं झालं असतं. "माझ्या नरेशाक समुद्रातल्या होडयेचा बावटो कळता. थय तुमचो निरोप आधी पोचलो, म्हनान डाक्टरान नापास केल्यान. बरा केलात, बाई." एवढं बोलून पाठ फिरवली. मी मागून हाका मारत राहिले, "परब, मी नाही हो! शपथ घेऊन सांगते!" माझे विद्यार्थी बघत होते. परब थांबले नाहीत.

मग एक दिवस कॉलेज सुटल्यावर नरेश प्रयोगशाळेत आला. मी सामान आवरत होते.

"मॅडम, तिकडे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक होतं," तो म्हणाला. "ठिपक्यांत लपलेले सगळे आकडे मला दिसत होते."

"मग?"

"दादाच्या नावावर बसलो होतो ना. मग दादाला जे दिसतं, ते सांगितलं."

माझ्या हातातली तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची पेन्सिल खाली पडली. बरं झालं, ती थंड होती.

"त्याला काय कसं दिसतं, मला पाठ आहे. लाल-हिरवं आलं की म्हणायचं, काही दिसत नाही. डॉक्टरने पुस्तक मिटलं." तो स्टुलावर बसला. "बाबांना 'जाणार नाही' म्हणायची हिंमत नव्हती, मॅडम. आणि दादाला तिकडे पाठवायची पण नव्हती. एक दिवस कुणीतरी मेलं असतं, आणि दादा आयुष्यभर ते घेऊन बसला असता."

"घरी सांगितलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "बाबांना कळलं तर ते मला तोंड दाखवू देणार नाहीत. पाठच्या भावाने भावाचा घास काढला म्हणतील." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सगळं तुमच्यावर आलंय, मला माहीत आहे. मॅडम... राहू दे ना तुमच्यावर."

माणसाने माणसाकडे काय मागावं याला काही सीमा? ज्या मुलाला मी वर्गातून बाहेर काढलं होतं, तो माझ्याकडे हे मागत होता. मला रडू आलं आणि रागही आला. "ऊठ, घरी जा," मी म्हटलं. पण त्याला काय ते समजलं.

पुढे लालबागच्या मार्केटात गंगाराम परब दिसले की समोरून पलीकडे जायचे. त्यांची बायको एकदा माझ्यासमोर थुंकली. मी सोसलं. सहज सोसलं असं नाही, खूपदा जीभ शिवशिवली. दिलीप लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या दुकानात लागला, पुढे कॉम्प्युटर विकायला लागला आणि त्यात चांगला रमला. नरेशने बाहेरून दहावी दिली. टीव्ही दुरुस्त करता करता केबलच्या धंद्यात शिरला आणि या चाळीतून त्या चाळीत तारा ओढत त्याने लालबागमधली कितीतरी घरं जोडली. डिप्लोमा त्याला कुठलाच मिळाला नाही.

निवृत्तीनंतर एका मंडळाने परळच्या शाळेत बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन ठेवलं होतं. मी टेबलाशी बसले होते. रांगेतून काठी टेकत एक म्हातारे पुढे आले, बरोबर एक मुलगी, मागे नरेश. केस पांढरे झालेला नरेश.

"बाई, वळाखलात?" गंगाराम परब म्हणाले. "ही दिलीपाची. तुमच्याच लायनीक जातंय म्हनता. हिचे डोळे तपासून घेतले, सगळे रंग दिसतत." आणि ते समोरच्या खुर्चीत बसले. पाठीमागची रांग चुळबुळ करत होती, त्यांना त्याचं काही नव्हतं.

"मी तुमका खूप वायट बोललंय," ते म्हणाले. "मागे गणपतीच्या मांडवात दिलीपान वायरी जोडल्यान. खांबाक हिरये वायरीच्या जागेर लाल लावल्यान. मी खांबाक हात लावलंय आनि उडान पडलंय. तेव्हा समाजला. थय माझ्याजागी गाडयेभर मानसां आसती तर? तुमी तेव्हा वर कळवलात, बाई, ता बरा केलात. माझ्या झिलाक वाचवलात."

त्यांच्या मागे नरेशचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचे ओठ हलले. "बाबा, ते मॅडमनी नाही, ते..."

म्हातारा वळायला लागला.

"हो परब," मी घाईघाईने म्हटलं. "मीच कळवलं होतं."

गंगाराम परबांनी काठी टेबलाला टेकवली आणि भर हॉलमध्ये मला वाकून हात जोडले. नरेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्या मुलीला विचारलं, "गणितात किती पडले गं?"